पावडरीची डबी आणि तिडके साहेबांचा कूलर

निवृत्त झाल्यावर मी कादंबरी लिहायला घेतली. हसू नका. आमच्या गल्लीत कोणी निवृत्त झालं की ते भजनी मंडळात जातं, नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरकडे. मला गाता येत नाही आणि गुडघे ठणठणीत आहेत, मग मी काय करावं? पोलिसात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा लाच खाणाऱ्यांना पकडण्यात गेली. म्हटलं, गुन्हेगारी कादंबरी लिहू. एक कर्तबगार पोलिस अधिकारी, त्याला मोह होतो, तो लाच घेतो आणि पुढं त्याचं वाटोळं होतं. पहिलं प्रकरण असं फक्कड जमलं म्हणून सांगू! अधिकारी काळ्या काचांच्या गाडीतून उतरतो, सिगारेट शिलगावतो आणि समुद्राकडे पाहत उभा राहतो.

आमच्या सरांना वाचायला दिलं. सर म्हणजे माझे यजमान. शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळं अमरावती त्यांना सर म्हणतं आणि मीही म्हणते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा समुद्र कुठला?"

"मुंबईचा."

"तू मुंबईले किती खेपा गेली?"

"एकदा. कोर्टाच्या कामानं. समुद्र पाह्याले टाइम नव्हता."

"मंग हा मानूस तिथं काय करून राह्यला? त्याले अकोल्याले आन, तिथलं तुले समजते."

अकोल्याला आणला आणि कादंबरी सतराव्या पानावर मटकन बसली. कारण मोहात पडलेला जो अकोल्याकडचा अधिकारी मला ठाऊक आहे, तो काळ्या गाडीतून उतरत नाही. त्याच्याकडे जुनी स्कूटर होती. त्याला मोह झाला तो कूलरचा, आणि तोही सासूबाईंपायी. असली कादंबरी कोण छापेल? तेव्हा जे झालं तेच सरळ लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत, ठाण्याच्या गावाचं नाव गाळलं आहे आणि आमच्या खात्याचंही लिहीत नाही. ज्यांना त्या खात्याची भीती आहे त्यांना ते पाठच असतं.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पावडर लावायची. लाच मागितल्याची तक्रार आली की आमचं खातं सापळा लावतं. लाच म्हणून जे द्यायचं असेल, नोटा असोत की आणखी काही, त्याला एक पांढरी, बारीक, बिनवासाची पावडर लावायची. घेणाऱ्यानं हात लावला की ती त्याच्या बोटांना चिकटते. त्याला काही दिसत नाही. मग आमची माणसं धाड घालतात, काचेच्या पेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी करतात आणि त्याला हात बुडवायला सांगतात. हात स्वच्छ असला तर पाणी पाण्यासारखंच राहतं. पावडर असली तर गुलाबी होतं. तान्ह्या बाळाच्या झबल्याचा असतो ना, तसा गुलाबी. तो पाहून भल्याभल्यांनी तिथंच गळा काढल्याचे किस्से मी ऐकलेत. ऐकलेत म्हणते, कारण पावडर लावणाऱ्यानं सापळ्यावर जायचं नाही, असा नियम आहे. आपला हात भलतीकडं लागला तर सापळाच बाटतो. म्हणून पावडर लावायची, हात तीनदा धुवायचे आणि ऑफिसात गपचूप बसायचं. सापळ्याच्या दिवशी मी घरी कणकेला हात लावत नसे. पोळ्या सर करायचे. त्यांच्या पोळ्यांना चारच्या पुढं कितीही कोपरे असायचे.

या पावडरीचा आणखी एक गुण मला नोकरीत शिरल्यावर कळला. पूर्वी ती जुलाबाच्या गोळ्यांत घालत. आमच्या एका हवालदारानं एकदा दुधाची पावडर समजून तिचा चहा केला. चांगला दाट केला होता, सगळ्यांनी दोन दोन कप घेतले. मी चहा घेत नाही, म्हणून वाचले. दुपारपासून ऑफिसात एकच संडास आणि अकरा जण. त्या दिवशी अख्ख्या विभागात कोणीही निर्धास्त लाच खावी, पकडायला येणारं कोणी उभंच नव्हतं.

गिऱ्हाईकंही एकेक भेटायची. अचलपूरकडचा एक कारकून नोटा घेत नसे, पाप लागतं म्हणे. तो संत्री घ्यायचा, पेटीनं. आम्ही संत्र्यांना पावडर लावली. त्यानं आमच्या माणसांसमोर एक सोलून खाल्लंसुद्धा. हात बुडवले, पाणी गुलाबी. तर म्हणतो कसा, "हा संत्र्याचा रंग हाये, साहेब." पंचांमध्ये एक बागाईतदाराचा पोरगा होता. तो पंचाचं काम विसरून त्याच्याशी अर्धा तास भांडला, की कोणत्या बागेत गुलाबी संत्रं लागते ते दाखव मले.

आता तिडके साहेब.

मी पोलिसात नवी होते, शिपाई होते, तेव्हा तिडके अमरावतीला फौजदार म्हणून आले. बारीक अंगाचे, मोठ्या कानांचे. खांद्याला कायम थर्मास. घरून चहा आणायचे आणि तोच प्यायचे. तपासाला कुणाच्या घरी गेले आणि तिथं कप पुढं आला, की थर्मास उघडून म्हणायचे, "माया मायाजवळ हाये." सारं ठाणं त्यांना थर्मास साहेब म्हणून चिडवायचं. मीही चिडवायची, मागून.

एकदा मिरवणुकीच्या बंदोबस्तात मला एका चौकात पॉइंट दिला होता. ऊन मी म्हणत होतं. घरून निरोप आला की पोरीला ताप भरलाय, आकडी आली. पॉइंट सोडता येत नाही आणि जीव थाऱ्यावर नाही. मी नुसती रडत होते, शिट्टी तोंडात धरून. तिडके फेरीवर आले. म्हणाले, "जा घरी." मी म्हटलं, "साहेब, पॉइंट?" म्हणाले, "मी हावो ना." आणि शिपायाच्या पॉइंटवर फौजदार सहा तास उभा राहिला. कुणाला सांगितलं नाही, माझ्यावर उपकार केल्याचं दाखवलं नाही. पोरगी वाचली. आता ती मला शिकवते, फोन कसा वापरायचा ते.

म्हणून, पुढं कितीतरी वर्षांनी, आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये टेपवर तिडक्यांचा आवाज ऐकला तेव्हा मी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

तोवर तिडके बढती मिळून अकोला जिल्ह्यात पूर्णेकाठच्या एका ठाण्याचे ठाणेदार झाले होते. तक्रारदार होते बबनराव, अकोल्याचे कूलर बनवणारे. त्यांच्या पुतण्यानं लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या डोक्यात वरणाची बादली घातली होती, कारण त्याला म्हणे वरण वाढलं, पण त्यात डाळ नव्हती. त्याची केस तिडक्यांकडे, आणि ती पंचक्रोशीत गाजलेली. बबनरावांनी चोरून भरलेल्या टेपवर तिडके म्हणत होते, "केसचं जे होईन ते कायद्यानं होईन, बबनराव." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग एकदम खाली आवाजात, "तुमच्याकडं एखांदा मोठा कूलर असन त... पाठवता काय? पुण्याहून सासूबाई आल्या हायेत."

आमच्या साहेबांनी ते सात वेळा ऐकलं. साहेब कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, हुशार आणि उतावळे. सातव्या वेळी त्यांनी टेबलावर हात आपटला. "मागणी आहे! सापळा लावा!"

अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला यातलं दुःख कळणार नाही. पारा शेहेचाळीसच्या पुढं. नळाचं पाणी अंगावर घेतलं तर भाजतं. पत्र्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये पुण्याच्या सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या, तिडक्यांचं लग्न फार उशिरा झालेलं. मुलगी माहेरी जायची तर आईच आली, कारण तिडक्यांना तिला पोचवायला रजा नव्हती. आणि त्या रोज सकाळी विचारायच्या, "जावईबापू, आज तरी काही करणार आहात का?" गुंडांना, पुढाऱ्यांना, दारूवाल्यांना बावीस वर्षं न नमलेला माणूस या एका वाक्यापुढं आठवड्याच्या आत वाकला. मला त्याचा राग यायला हवा होता. मला रडू आलं. कूलर घेताना सापडला तर नोकरी गेली, पेन्शन गेली, वर तुरुंग. आणि त्याला अडकवणारी पावडर मी लावायची.

अडचण अशी की अमरावतीहून पावडर लावून कूलर टेम्पोत नेला असता तर ती वाटेतच झडली असती. म्हणून मलाही बरोबर घेतलं. ठाण्याच्या गावाबाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात कूलर उतरवायचा, तिथं पावडर लावायची, मग बबनरावांनी तो पुढं न्यायचा, आणि मी जीपमध्येच बसायचं, असं ठरलं. इशाराही ठरला. तिडक्यांनी कूलर स्वीकारला की बबनरावांनी बाहेर येऊन दुपट्टा डोक्यावर घ्यायचा.

मी म्हटलं, "साहेब, हा इशारा नका ठेवू. मे महिन्यात इथं दुपट्ट्याबिगर कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाई."

"ताई, तुम्ही पावडरीचं बघा," साहेब म्हणाले.

बरं बाप्पा. मी पावडरीचं पाहिलं.

जिनिंगच्या भिंतीच्या हातभर सावलीत दोन पंच बसले होते. पंच म्हणजे दुसऱ्या खात्यातले सरकारी नोकर, साक्षीला आणलेले. त्यांच्यासमोर मी रीतसर प्रात्यक्षिक केलं. अमरावतीहून बाटलीत आणलेलं पाणी, त्यात सोडा, त्यात चिमूटभर पावडर, पाणी गुलाबी. पंचांनी माना डोलावल्या, सही केली आणि पुन्हा पंचनाम्याच्या फायलीनं वारा घालत बसले. साहेब फोनवर होते. कूलर माझ्यासमोर, माणसाएवढा उंच, नवाकोरा. आणि माझ्या पर्समध्ये दोन पांढऱ्या पावडरी होत्या. एक खात्याच्या बाटलीतली. दुसरी माझी घामोळ्यांची, डबीतली.

दिसायला दोन्ही सारख्याच. पंचांना फरक कळला नसता, साहेबांनाही नाही. घामोळ्यांची पावडर लावली असती तर तिडक्यांनी कूलरला मिठी जरी मारली, तरी पाणी गुलाबी होणार नव्हतं.

मी डबी हातात घेतली. आता लपवून काय करू? परवापरवापर्यंत हे सरांनाही सांगितलं नव्हतं. तोवरच्या अख्ख्या नोकरीत मी कुणाचा पेढा खाल्ला नव्हता आणि त्या क्षणी मी सरळ सरळ पुरावा बिघडवायला निघाले होते. माझ्या डोळ्यांपुढं तो चौक होता आणि त्यात उभा असलेला थर्मास. मी झाकण फिरवलं. फिरेना. हात घामानं निसटत होता. जोर लावला, तरी फिरेना. तेवढ्यात साहेब ओरडले, "ताई, झालं का?"

"होऊन राह्यलं, साहेब!" मी म्हणाले. डबी पर्समध्ये टाकली आणि खात्याची बाटली काढली.

आणि मग जी लावली! माझाच मला इतका राग आला होता की ज्या हातानं बटणाला चिमूटभर लावायची, त्या हातानं मी बटण, दांड्या, पुढची जाळी, पाणी भरायचं झाकण, सगळं माखून काढलं. साहेबही वर म्हणत होते, "लावा, सगळीकडं लावा, कुठंही हात लागला तरी सुटता कामा नये." अर्धी बाटली संपली.

पुढचं मी जीपमधून पाहिलं, क्वार्टरपासून दीडशे पावलांवरून, आणि जे दिसलं नाही ते नंतर पंचनाम्यात वाचलं. टेम्पो क्वार्टरसमोर थांबला. तिडके दारात आले. त्यांनी दोन्ही हात हलवले, नाही, नाही, वापस ने. बबनरावांना आम्हीच सांगून ठेवलं होतं की हट्ट करा, म्हणून ते हट्ट करत राहिले. इतक्यात आतून सासूबाई आल्या. पांढरी साडी, कमरेवर हात. त्यांनी एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि बोटानं घरात दाखवलं. बबनराव आणि ड्रायव्हरनं कूलर उचलून आत नेला. तिडके दारातून बाजूला झाले. अंगणातल्या कडुलिंबाखाली बादली पालथी घातली, ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि तिच्यावर बसून राहिले.

दहा मिनिटांनी बबनराव बाहेर आले. पायरी उतरले, ऊन लागलं, आणि अकोल्याचा कोणताही शहाणा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. दुपट्टा डोक्यावर घेतला.

"इशारा!" साहेब ओरडले. "चला!"

सगळी धाड अंगणात घुसली. धाड पहिल्यांदाच पाहत होते मी, जीपच्या काचेला नाक लावून. ज्याला पकडायचं तो बादलीवर बसलेला. साहेब भिंतीआडून फक्त दारची पायरी पाहत होते, तिडक्यांना त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं आणि टॉवेलाखाली चेहराही दिसत नव्हता. तिडके उभे राहून म्हणाले, "कोन पाह्यजे?" साहेब म्हणाले, "बाजूला व्हा!" आणि सगळे त्यांच्या अंगावरून घरात.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझा फोन वाजला.

"ताई, जरा इकडे या," साहेबांचा आवाज रडवेला होता. "आम्ही सगळे गुलाबी झालोय."

मी गेले. माणूस जन्माला येऊन जे जे पाहायचं असतं त्यातलं बरंच मी त्या खोलीत पाहून घेतलं. कूलर पूर्ण जोरात सुरू होता. लेक मागच्या खोलीत निजलेली, कूलरसमोर खाटेवर सासूबाई, आणि त्यांच्या पांढऱ्या साडीवर बारीक गुलाबी ठिपके, जणू छापील पातळच. जाळीवरची पावडर पंख्यानं खोलीभर उडवली होती. झाकणावरची टाकीत पडली होती. आणि टाकीत पाणी होतं ते तिथल्या बोअरचं.

पूर्णेकाठी खारपाणपट्टा आहे, हे शाळेतली पोरं सांगतील. जमिनीतलं पाणीच खारं. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. आम्ही पाण्यात मुद्दाम जो सोडा घालतो, तो देवानं तिथं आधीच घालून ठेवलाय. पावडर त्यात पडली आणि अख्खी टाकी गुलाबी झाली. तेच पाणी पंपानं वर चढत होतं, गवतावरून गळत होतं आणि पंखा त्याचे थेंब करून सगळ्यांवर शिंपडत होता. माझी बुद्धी कुठं शेण खायला गेली होती? धामणगावात वाढले, उभा जन्म कूलरसमोर गेला, आणि हे सुचलं नाही.

साहेबांच्या कपाळावर गुलाबी पट्टा, घाम पुसलेला. एका पंचाचे कान गुलाबी. हवालदार बटण बंद करायला गेला तर सासूबाई कडाडल्या, "खबरदार! दहा दिवसांनी आज जरा वारा लागतोय. आणि तुम्ही आहात कोण? चपला काढा आधी!" सगळ्यांनी चपला काढल्या. साहेबांनी बूट काढले, मोजेही काढले.

पण साहेब माणूस सरळ. म्हणाले, नियम म्हणजे नियम, प्रत्येकाचे हात धुवायचे. आम्ही आणलेलं चांगलं पाणी, आमचा सोडा. बबनरावांचे हात, गुलाबी. ड्रायव्हरचे, गुलाबी. पहिला पंच, दुसरा पंच, हवालदार, साहेब स्वतः, सगळे गुलाबी. सासूबाईंचे तर गर्द. ओट्यावर पेल्यांची रांग लागली, एखाद्या बारशाला सरबत मांडावं तशी.

दाराबाहेरून आवाज आला. "माये राह्यले."

तिडके उंबऱ्याबाहेर उभे होते. टॉवेल खांद्यावर, दोन्ही हात पुढं. खोलीत पाऊल टाकत नव्हते. साहेबांनी तिथंच पेला नेला. त्यांनी हात बुडवले.

पाणी पाण्यासारखं राहिलं.

साहेबांनी आणखी सोडा घातला. पाणी तसंच. नवा पेला, नवं पाणी. तसंच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. साहेबांना वाटलं पावडर गेली डोळ्यांत.

"कूलरला हात नाही लावला तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"नाई."

"मागितला तर होता ना?"

"मागितला," तिडके म्हणाले. "खोटं कायले बोलू? चार दिवसांपासून मले झोप नाई. आज तो दारात आला अन् माया हातच उचलेना. म्हटलं वापस ने, त कोनी आइकलं नाई. मंग म्हटलं, या कूलरची हवा आपल्याले नाई पाह्यजे. बसलो लिंबाखाली."

सासूबाई खाटेवरून उठल्या. "जावईबापू, म्हणजे हा विकत घेतलेला नाही?"

तिडक्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का! मी पंख्याखाली बसले असते. उकडण्यानं मेलेला माणूस ऐकलाय का कधी पुण्यात?" त्यांनी स्वतःच्या हातानं कूलर बंद केला आणि बबनरावांकडे वळल्या. "उचला हो हे तुमचं. आणि पुतण्याला सांगा, वरणात डाळ नसली तर मीठ घालून प्यावं."

मागणं हाही गुन्हाच असतो. तिडक्यांची चौकशी झाली. त्यांनी तिथंही "मागितला" असंच सांगितलं. एक वेतनवाढ रोखली, ठाणं काढून घेतलं, पण नोकरी राहिली, कारण त्या सगळ्या गुलाबी पेल्यांमध्ये एकच पांढरा पेला त्यांचा होता. आमच्या साहेबांनीच तसं लिहून दिलं.

जीपमध्ये परत येताना मला घाम फुटला, उन्हाचा नव्हे. मी घामोळ्यांची पावडर लावली असती तर काय झालं असतं? सगळ्यांचे पेले पांढरे निघाले असते, तिडक्यांचाही. मग त्यांचा पेला कोण पाहतं? कूलर घरात, चालू, सासू समोर बसलेली, मागणी टेपवर. घेतलाच म्हणाले असते सगळे. त्यांना वाचवायला म्हणून मी जे करणार होते त्यानंच ते बुडाले असते. आणि त्याहून लागलं ते हे, की तो माणूस कूलर घेणार असं मी धरूनच चालले होते. सहा तास माझ्या पॉइंटवर उभा राहिलेला माणूस!

यंदाच्या मे महिन्यात तिडके लग्नाला अमरावतीला आले होते, ते आमच्याकडे उतरले. आता तेही निवृत्त. कान आणखी मोठे दिसतात. खांद्याला थर्मास. आमचा कूलर सुरू होता, त्याच्यासमोर मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "बसा, पावती हाये." ते हसले. सर आत पोळ्या करत होते.

मला वाटलं, आता सांगावं. सांगितलं सगळं. डबी, झाकण, घाम, साहेबांची हाक. म्हटलं, "साहेब, मी इमानदार राहिली ते डबीचं झाकन घट्ट होतं म्हणून. नाईत मी कवाची गेली होती."

सर पोळपाट सोडून दारात येऊन उभे राहिले होते. तिडके आधी खो खो हसले. "म्हंजे मायी नोकरी डबीच्या झाकनावर होती!" मग थर्मास उघडला, चहा झाकणात ओतला आणि माझ्यापुढं धरला. मी चहा घेत नाही, पण घेतला.

"पन ताई," ते म्हणाले, "एकदा नाई फिरलं, त दुसऱ्यांदा काहून नाई फिरवलं? पदरानं धरून फिरवाले काय लागत होतं?"

मी झाकणातला चहा संपवला. साहेबांनी हाक मारली म्हणून? भीती वाटली म्हणून? की आणखी काही? कादंबरी अडली आहे ती इथंच. सर म्हणतात, समुद्र काढून टाकला तसा हा प्रश्नही काढून टाक. तो मात्र मला काढवत नाही.

ती डबी अजून आहे. पावडर केव्हाच दगड झाली असेल, पण मी टाकली नाही. काल हे सगळं लिहून झालं आणि कपाटातून काढली. पदर वगैरे काही घेतला नाही, तशीच फिरवली. पहिल्याच झटक्यात उघडली.